चड्डीतली गादी

६ जानेवारी

भिंगरे,

तुझ्या सायकलच्या शिबिराला भाजी पोचवणाऱ्या टेम्पोवाल्याने येताना तुझी पिशवी आणली, दारात ठेवली आणि तो दोन पावलं मागे सरकून उभा राहिला. रोज कुजका कोबी निवडणारा माणूस तो. म्हणाला, "आजी, आत काही मेलंय का बघून घ्या."

घामाने भिजलेले कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून कोंडून ठेवायचे हे तुला कुणी शिकवलं? मी नाही. तुझ्या बापानेही नाही, कारण त्याला अजून मशीनचं झाकण कुठल्या बाजूने उघडतं ते माहीत नाही. मी नाक दाबून सगळं उपसलं. उकळत्या पाण्यात बुडवलं, पावडर दुप्पट टाकली, वरून ते वासाचं निळं सॉफ्टनर ओतलं, दिवसभर कडक उन्हात टाकलं आणि संध्याकाळी इस्त्री केली. जर्सीच्या पाठीवरची अक्षरं इस्त्रीला चिकटून आली. तुझ्या क्लबचं नाव आता माझ्या इस्त्रीवर आहे. उलटं आहे, पण वाचता येतं.

आणखी एक. जर्सी आल्या, चड्ड्या आल्या, मोजे आले. आतले कपडे एकही नाहीत. निघताना मी स्वतः घडी करून ठेवले होते. हरवलेस? का टेम्पोवाल्याच्या हातून येतात म्हणून लाजलीस? तसं असेल तर वेगळ्या पिशवीत घाल. तो बिचारा तुझ्या पिशव्या उघडत नाही, उघडण्याची त्याची छातीच नाही.

तुमचे फोन काढून घेतात म्हणे तिथे. चांगलं करतात. पत्र लिही, म्हणजे तू काय बोललीस ते मला दोनदा वाचता येईल.

आजी


९ जानेवारी

आजी,

इस्त्रीवर क्लबचं नाव हे वाचून टकळी हसता हसता पलंगावरून पडली. टकळी म्हणजे माझ्या खोलीतली. झोपेतसुद्धा बोलते, म्हणून सगळ्या तिला टकळी म्हणतात.

आतले कपडे हरवलेले नाहीत. कपाटात तुझ्याच घडीत पडून आहेत. सायकलच्या चड्डीच्या आत काही घालत नाहीत, आजी. कुणीच नाही. तासन् तास पाय फिरत असतात, आत एक शिवण जरी आली तरी ती कातडी घासून काढते. म्हणून तर चड्डीत ते पॅड असतं, आणि ते थेट अंगालाच लागायला हवं. ओरडू नकोस.

आणि आता मॅडमचे नियम. मॅडम म्हणजे आमच्या प्रशिक्षक. त्या म्हणतात, सायकल नंतर पुसा, आधी चड्डी धुवा. उलटी करायची. गार पाणी. पातळ साबण, तोही झाकणभर. जास्त साबण कापडातच राहतो आणि पुढच्या घामाला तोच खाजतो. सॉफ्टनर अजिबात नको, तो कापडाच्या बारीक भोकांत बसतो, मग घाम बाहेर जायला वाट नाही. पिळायचं नाही, टॉवेलात गुंडाळून दाबायचं. सावलीत वाळवायचं, कारण मांडीवरची रबरी पट्टी उन्हात मरते. इस्त्रीबद्दल मॅडम काही बोलल्या नाहीत, कुणी इस्त्री करेल असं त्यांच्या डोक्यातच आलं नसेल.

इथे मशीन एक आणि मुली चौदा, दोऱ्या कायम भरलेल्या. म्हणून तुला त्रास. यापुढे कापडी पिशवीत पाठवीन, गाठ न मारता.

२८ तारखेला निवड आहे. चौदातून चौघी घेणार, आणि त्या चौघी मोठ्या शर्यतीला जाणार. दोन वर्षं पहाटे उठून मी दार आपटत होते आणि तू शिव्या घालत होतीस, ते याच्यासाठी. काळ्या चड्डीची मांडीजवळची शिवण उसवली आहे, तेवढी घालशील?

भिंगरी


१२ जानेवारी

भिंगरे,

ओरडले नाही. बसले. मग तुझ्या आईला सांगितलं, की ही पोरगी आत काही न घालता रस्त्यावर फिरते. ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "मला माहीत होतं, आई." या घरात सगळ्यांना सगळं माहीत असतं, मी सोडून.

तुझ्या मॅडमच्या मनासारखं केलं. झाकणभर साबणात मी आजवर चष्म्याचं फडकंसुद्धा धुतलेलं नाही, पण केलं. उलटी केली, गार पाण्यात हलवली, टॉवेलात गुंडाळून बाळासारखी थोपटली. सावलीत घातली. वास गेला, हे कबूल करते. फार मोठं काही केलं असं मॅडमना वाटू देऊ नकोस.

शिवण घातली. पण चड्डी उलटी केल्यामुळे ती गादी माझ्या नजरेला पडली. तुम्ही पॅड म्हणता, आम्ही गादीच म्हणणार. मशीनमध्ये घुसळून घुसळून आतला स्पंज एका बाजूला गोळा झालेला, दुसरीकडे नुसतं कापड. असल्या गादीवर बसून तू निवडीला जाणार? अर्धं आयुष्य मी गाद्यांच्या कारखान्यात रजया शिवल्या. भरण सरकू नये म्हणून काय करतात ते मला कुणी सांगायला नको. जाड दोरा घेतला, मेण लावलं आणि चौकटी पाडून या टोकापासून त्या टोकापर्यंत पक्के टाके घातले. वर घोडा बसला तरी स्पंज हलायचा नाही.

तुझी आई म्हणाली, "आधी तिला विचारा तरी." मी म्हटलं, विचारायचं काय, कळेलच बसल्यावर.

आजी


१६ जानेवारी

आजी,

चड्डी मिळाली. छान झाली आहे. खरंच स्पंज जराही हलत नाही.

निळी चड्डी मात्र आहे तशीच ठेव, ती ठीक आहे. पुढच्या फेरीला पाठवून दे.

आणि लहान बाळांना लंगोटाने पुरळ उठतं तेव्हा लावतात ते पांढरं मलम असतं ना, ते पाठवशील? टकळीला हवं आहे. मॅडमच्या कानावर जायला नको, त्या लगेच सायकल बंद करायला लावतात. टकळीला.

बाकी सगळं छान.

भिंगरी


१९ जानेवारी

भिंगरे,

एवढंसं पत्र? टेम्पो मोठा आणि आत भाजी कमी, तसं. हात दुखत होता का?

टेम्पोवाला सांगत होता, तो कांद्याची पोती उतरवत होता तेव्हा सगळ्या पोरी बाकावर बसून जेवत होत्या आणि तू एकटी खिडकीशी ताट घेऊन उभी. हे काय नवीन? शिबिरात शिस्त लागेल म्हणून तुझ्या बापाने पाठवलं, तर तू घरात होती तीही घालवलीस. बसून जेवत जा.

मलम पाठवलं आहे. टकळीला सांग, जागा धुऊन कोरडी करून मगच लावायचं, आणि चार दिवस सायकलवर बसायचं नाही. तरण्याताठ्या पोरीला लंगोटाचं पुरळ म्हणजे कमाल आहे. ती तिची चड्डी नीट धूत नसेल. बोलण्यातून वेळ मिळाला तर धुणार ना.

आता तुझ्यासाठी गंमत. काळी इतकी छान झाली म्हणालीस, म्हणून निळीलाही टाके घातले. ठीक आहे म्हणून सोडायची नसते वस्तू, ठीक असतानाच पक्की करायची असते. निळीला तर चौकटी आणखी जवळ जवळ घेतल्या, हात बसला होता. टकळीची पण पाठव. मॅडमना विचारून बघ, चौदाजणींच्या करून देईन. नाहीतरी दुसरं काम नाही मला.

आजी


२२ जानेवारी

आजी,

निळी मिळाली. काय बोलू. मी आणि टकळीने त्यातल्या चौकटी मोजल्या.

टकळीची नको, तिची नवीकोरी आहे. चौदाजणींचं मॅडमना विचारायला वेळ मिळाला नाही, त्या निवडीच्या गडबडीत आहेत. काल मला म्हणाल्या, "हल्ली चढ असो की सपाट, तू उभी राहूनच चालवतेस. पायात ताकद आलेली दिसते." मी हो म्हटलं.

उभ्याने जेवलं की पचतं चांगलं.

काळी चड्डी मी स्वतः धुऊन पाठवत आहे, नियमाप्रमाणे, गार पाणी आणि झाकणभर साबण. इथे ढग आहेत, दोऱ्या भरल्या आहेत. तू फक्त वाळव. पुन्हा धुवायची गरज नाही, उघडून बघायचीही नाही.

भिंगरी


२४ जानेवारी

भिंगरे,

उघडून बघू नको असं लिहिलंस, तेव्हाच उघडली.

मलमाचा डाग गार पाण्याने आणि झाकणभर साबणाने जात नाही. मॅडमनी हे सांगितलं नाही वाटतं. चड्डी उलटी करून खिडकीशी धरली तर तेलकट पांढऱ्या रेघा. आडव्या, उभ्या, चौकटी चौकटी. अगदी माझ्या टाक्यांच्या रेषेत. टकळीचं पुरळ तुझ्या चड्डीत कसं उमटलं, हे मला कुणी समजावून सांगू नये.

मग मी ती चड्डी घातली. हसू नकोस. वर गाऊन होता. आत काही नव्हतं, नियम म्हणजे नियम. शिलाई मशीनच्या स्टुलावर बसले आणि उगाच मशीनचं पायडल मारत राहिले. जेवणाच्या वेळेपर्यंत मला उठता येईना, उठल्यावर बसता येईना. तुझी आई वाढायला आली तर मी खिडकीशी ताट घेऊन उभी. तिचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

रजईचे टाके पांघरणाऱ्याला टोचत नाहीत, कारण रजईवर बसून कुणी शंभर मैल घासत जात नाही. एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नाही. सुई लावायच्या आधी तुला विचारायला हवं होतं. हे झालं माझं.

आता तुझं. "छान झाली आहे" म्हणजे काय ग? मी काय बाहेरची पाहुणी आहे, की बेचव चहा पिऊन वा वा करायचं? सोललेल्या बुडाने तू दहा दिवस सायकल चालवलीस, कशासाठी, तर म्हातारीला वाईट वाटू नये. मला वाईट वाटलं असतं, दुपारी जेवले असते, संध्याकाळी विसरले असते. तुझं खोटं खरं धरून मी निळीसुद्धा बिघडवली. चौदाजणींच्या बिघडवायला निघाले होते!

काळीचे टाके उसवून बघितले, पण सुईची भोकं बुजत नाहीत आणि कापड जागोजागी ताणलं आहे. निळीचंही तेच होणार, दोन्ही वाया. तुझ्या आईने दुकानातून नवी आणली, ती सोबत आहे. मी तिला हात लावलेला नाही. धुवायचीही तूच.

हे पत्र वाचून झालं की सरळ मॅडमकडे जा आणि दाखव. निवड गेली तर जाऊ दे. जखम चिघळली तर पुढच्या वर्षीची पण जाईल. तू सांगितलं नाहीस तर पुढच्या फेरीला कांद्याच्या पोत्यावर बसून मी येते. तेही मला सध्या जड जाईल, पण येईन.

आजी


२९ जानेवारी

आजी,

तू कांद्याच्या पोत्यावरून उतरताना डोळ्यांसमोर आलीस, म्हणून गेले.

मॅडमनी बघितलं आणि आधी नर्सला बोलावलं, मग मला फाडून खाल्लं. "पडलीस तर सांगतेस, गुडघा दुखला तर सांगतेस, आणि हे सांगायला जीभ झडली?" मी म्हटलं, आजीने प्रेमाने शिवलं होतं. त्या म्हणाल्या, "प्रेमाने शिवलं असेल, पण तू काय प्रेमाने बसली होतीस?" त्यांनी निळीचे टाके हातात घेऊन ओढून पाहिले. म्हणाल्या, काम मात्र पक्कं आहे.

काल निवड झाली. मला सायकलला हात लावू दिला नाही. शेवटच्या रेषेवर घड्याळ धरून उभी केली, उभं राहायची सवय आहेच म्हणून. एकेकीचा वेळ मीच लिहिला. टकळी चौथी आली. तिने उडी मारली, आणि मग माझ्याकडे बघून अर्ध्यात थांबवली.

पुढचं ऐक. संध्याकाळी मॅडमनी सगळ्यांसमोर सांगितलं, की मी बरी झाले की १० तारखेला त्याच रस्त्यावर एकटी चालवायची. चौथीपेक्षा कमी वेळ आला तर जागा माझी, नाहीतर टकळीची. टकळी म्हणाली, "चालव की, मला काय." तेव्हापासून ती गप्प आहे. आजी, टकळी गप्प आहे. खोलीत कुणी आजारी असल्यासारखं वाटतं.

मला दिसत नव्हतं तेव्हा मलम लावताना आरसा तिनेच धरला होता. माझं कुणाला सांगितलं नाही, आणि तिला न सांगता राहणं किती कठीण जातं ते तुला माहीत नाही. म्हणून मनात येतं, मी थोडी हळू चालवली तर? कुणाला कळणार आहे?

नवी चड्डी आधी एकदा धुतली. गार पाणी, झाकणभर साबण. टॉवेलात मीच थोपटली.

भिंगरी


२ फेब्रुवारी

भिंगरे,

म्हणजे तू पुन्हा "छान झाली आहे" म्हणणार. या वेळी टकळीला.

थोडी हळू चालव, जरूर चालव. मग ती त्या जागेवर बसेल आणि पुढे कधीतरी चढावर तिचा दम गेला की तिच्या मनात येईल, ही जागा आपली होती का? तिला संशय येणार नाही असं समजू नकोस. जी आरसा धरून बघते तिला सगळं दिसतं. आणि तू तिच्याकडे बघून मनातल्या मनात म्हणत राहशील, माझ्यामुळे गेलीस. दोघी एकाच खोलीत, आणि मधे ते खोटं. माझ्या टाक्यांपेक्षा वाईट टोचेल ते. त्याला मलम नाही.

जीव खाऊन चालव. हरलीस तर ती खरी चौथी. जिंकलीस तर ती महिनाभर बोलणार नाही. तिला जमेल तेवढे दिवस, म्हणजे फार तर दोन.

जखम पूर्ण भरल्याशिवाय बसायचं नाही. नर्सला विचार, स्वतःला विचारू नकोस, तुझ्या उत्तरांवर माझा विश्वास उडाला आहे.

मी पण आता बसून जेवते.

आजी


११ फेब्रुवारी

आजी,

हरले. थोडक्यात. इतकं थोडक्यात, की मॅडमनी घड्याळ तिघींना दाखवलं.

जखम भरली होती, नर्सने लिहून दिलं होतं. चड्डीने काही त्रास दिला नाही. जीव खाऊनच चालवली. शेवटच्या चढावर डोळ्यांपुढे काळं झालं, तरी बसून चालवली, उभी राहिले नाही. रेषेपलीकडे टकळी घड्याळ धरून उभी होती. मी उतरले तशी ती माझा दंड धरून म्हणाली, "खरं सांग, मुद्दाम हळू चालवलीस?" उत्तर द्यायच्या आधीच मी तिच्या बुटांवर ओकले. तिची खात्री पटली. ते बूट धुता धुता तिने जे बोलायला सुरुवात केली आहे, ती अजून थांबलेली नाही.

मॅडमनी मला राखीव घेतलं आहे. म्हणजे शर्यतीला संघाबरोबर जायचं, गाडीत तयार होऊन बसायचं.

आता एक लिहिते. लिहू नये असं वाटत होतं, दोनदा पेन खाली ठेवलं. ते टाके नसते तर माझे सरावाचे पंधरा दिवस गेले नसते, आणि मला वाटतं मी त्या चौघींत असते. टकळीच्या पुढे असते. तुझा राग येतो. रोज नाही, पण काल रात्री आला होता. तुला बरं वाटावं म्हणून "नाही आला" असं लिहिणार होते.

भिंगरी


१३ फेब्रुवारी

भिंगरे,

वाचलं. माझ्या सवयीप्रमाणे दोनदा.

खरं आहे. टाके नसते तर तू आत असतीस. तसं नाही म्हणून मी तुला समजावणार नाही आणि तूही मला समजावू नकोस. मला वाईट वाटलं. दुपारी जेवले. संध्याकाळी विसरले नाही, तेवढा अंदाज चुकला. राग आला तर येऊ दे, सायकल चालवणाऱ्या माणसाला कशाचा तरी राग लागतोच, निदान माझा फुकटचा आहे.

राखीव म्हणजे काय ते तुझ्या बापाला विचारलं. त्याने खुर्चीत सरळ बसून, आवाज मोठा करून सांगितलं, की तो एक मान असतो. मग टेम्पोवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "कुणी पडलं तर हिने जायचं." असं सांगायला सुरुवातीपासून काय हरकत होती?

तर गाडीत बसशील तेव्हा चौघींना पाणी दे, हाका मार, टकळीच्या नावाने घसा फोड. आणि बसल्या बसल्या कधीतरी मनात येईल, की पडावी एखादी. आपली टकळीच पडावी, फार नाही, थोडंसं खरचटेल इतपत. येईल ग. माझ्याही येईल, इथे घरी बसून.

आलं की मला लिही. तिला सांगू नकोस.

आजी